विश्लेषण : किशोरवयीन नात्यांतील हिंसेवर विद्यार्थ्यांचा माहितीपट, चेहरा धूसर केला तरी गावात ओळख लपते का?

गुन्ह्यांच्या खऱ्या कहाण्या सांगणारे माहितीपट आता खेड्यापाड्यांतील मोबाइलवरही पाहिले जातात. ते पाहून आपणही असे काही करावे, असे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. किशोरवयीन नात्यांतील छळ आणि त्यातून घडणारे गुन्हे हा तर त्यांच्याच वयाचा विषय. मात्र हा प्रयोग पुण्या-मुंबईत करणे आणि हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेवसारख्या गावात करणे यांत मोठे अंतर आहे. संत नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या कयाधूकाठच्या या गावात परतवारीला भाविकांची मोठी गर्दी होते. एरवी मात्र कोण कोणाच्या घरातला, हे सगळ्यांना ठाऊक असते. अशा ठिकाणी खऱ्या गुन्ह्यावर कॅमेरा लावताना कायदा काय सांगतो आणि कायद्याच्या पलीकडे कोणती काळजी घ्यावी लागते?

विषारी नाते कशाला म्हणायचे?

भांडण, रुसवा, अबोला हे कोणत्याही नात्यात असतात. नाते विषारी ठरते ते एकाने दुसऱ्याच्या रोजच्या जगण्याचा ताबा घेतल्यावर. मोबाइलचा पासवर्ड मागणे, ‘ऑनलाइन होतीस मग उत्तर का दिले नाहीस’ असा जाब विचारणे, मैत्रिणींशी बोलणे बंद करायला लावणे, क्लासला जाता-येता पाठलाग करणे, ‘मला सोडलेस तर नस कापून घेईन’ अशी धमकी देणे आणि शेवटी सोबतचे फोटो घरच्यांना पाठवण्याची भीती घालणे, अशी ही चढती साखळी असते. सुरुवातीच्या कड्या प्रेमाच्या खुणा वाटतात, म्हणून त्या कोणाला सांगितल्या जात नाहीत. गावात त्यात आणखी एक भर पडते. मुलीने तक्रार केली, तर त्रास देणाऱ्याला आवर घालण्याआधी तिचेच शिक्षण थांबेल किंवा घाईने लग्न लावले जाईल, ही धास्ती तिला असते. त्रास देणाऱ्यालाही ही धास्ती ठाऊक असते.

महाराष्ट्राला हा विषय नवा आहे का?

मुळीच नाही. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीची परीक्षा सुरू असताना एका विद्यार्थिनीला परीक्षा केंद्रातच जाळून मारण्यात आले. त्या घटनेने राज्य हादरले होते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटमध्ये महाविद्यालयात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भररस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले. १० फेब्रुवारीला नागपुरात तिचा मृत्यू झाला. आरोपी तिच्याच गावचा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. हिंगणघाटची पीडिता किशोरवयीन नव्हती, पण दोन्ही प्रकरणांत नकार न पचवणे हे सूत्र एकच होते.

आणखी एक गोष्ट समान होती. अशा घटनांना वर्षानुवर्षे ‘एकतर्फी प्रेमातून’ हा शब्द चिकटत आला आहे. ज्या व्यवहारात एकीने स्पष्ट नकार दिला आहे, त्याला प्रेम म्हटले की हल्लेखोर दुखावलेला प्रियकर ठरतो आणि मुलीचे वागणे चर्चेला येते. माहितीपट करणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला निर्णय म्हणूनच कॅमेऱ्याचा नसून शब्दांचा असतो. निवेदनात ‘प्रेमप्रकरण’ म्हणायचे की ‘पाठलाग’, यावर पुढची सगळी मांडणी ठरते. कायद्यात ‘पाठलाग’ हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्त्रीच्या इंटरनेट किंवा ई-मेल वापरावर पाळत ठेवणेही त्यात येते.

असे गुन्हे रागाच्या भरात घडतात का?

‘डोक्यात राग गेला आणि घडले’ हे स्पष्टीकरण नेहमी ऐकू येते. ब्रिटनमधील गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक जेन मॉन्क्टन स्मिथ यांनी ३७२ हत्यांचा अभ्यास करून २०१९ मध्ये वेगळे चित्र मांडले. जोडीदाराकडून होणाऱ्या हत्यांआधी साधारण आठ टप्पे दिसतात, असे त्यांचे म्हणणे आहे. त्रास देणाऱ्याचा पूर्वेतिहास, नात्याची अतिवेगवान सुरुवात, ताबा, ताबा सुटण्याचा प्रसंग, धमक्यांत वाढ, विचारांतील बदल, तयारी आणि अखेर हत्या, असा तो क्रम. हा अभ्यास प्रौढांच्या नात्यांवरील आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा शाळकरी वयाला लावता येणार नाही. पण बाटलीत पेट्रोल भरून रस्त्यावर वाट पाहणे हे क्षणिक रागाचे लक्षण नव्हे, हे समजायला तो उपयोगी आहे. माहितीपटासाठीही त्यातून दिशा मिळते. शेवटच्या टप्प्याचे चित्रीकरण करून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तिसऱ्या, चौथ्या टप्प्यावर कोणाला काय दिसले होते आणि त्याने काय केले, हा खरा प्रश्न आहे.

ओळख उघड करण्याबाबत कायदा काय सांगतो?

मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल आणि प्रकरण पोक्सो कायद्याखालचे असेल, तर २०१२ च्या या कायद्याचे कलम २३ लागू होते. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांतून देता येत नाही. मुलाच्या हिताचे असेल तरच विशेष न्यायालय तशी परवानगी देऊ शकते. उल्लंघनासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आरोपी अल्पवयीन असेल तर त्याचीही ओळख झाकावी लागते. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ विधिसंघर्षग्रस्त बालक, पीडित बालक आणि साक्षीदार बालक या तिघांनाही संरक्षण देते. लैंगिक गुन्ह्यातील प्रौढ पीडितेची ओळख उघड करण्यास न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार मनाई आहे. पीडिता हयात नसली आणि नातेवाइकांची संमती असली, तरी सत्र न्यायाधीशांच्या परवानगीविना नाव उघड करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. ‘आम्ही यूट्यूबवर टाकले नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले’ हा बचाव पुरेसा ठरेल, असे कोणी समजू नये.

लहान गावात अडचण कुठे येते?

कलम २३ मधील ‘परिसर’ आणि ‘कोणताही तपशील’ हे शब्द येथे महत्त्वाचे ठरतात. चेहरा धूसर केला, आवाज बदलला, पण मागे मंदिराचा कळस दिसला, शाळेच्या गणवेशाचा रंग दिसला, बसथांबा दिसला किंवा ‘बारावीत शिकणारी, वडील ऊसतोडीला गेलेले’ एवढे सांगितले, तरी नरसीतील प्रेक्षकाला घर सापडते. हिंगोलीतील प्रेक्षकाला कदाचित सापडणार नाही, पण मुलीला राहायचे असते ते गावात. शहरात नाव झाकले की बरेच काही झाकले जाते. गावात पार्श्वभूमी, नातेसंबंध आणि बोलण्याची लकबही झाकावी लागते.

म्हणून स्वतःच्या गावातील ताजी घटना निवडू नये, हे उत्तम. दूरच्या जिल्ह्यातील, निकाल लागलेले प्रकरण घ्यावे आणि स्थानिक भाग फक्त सर्वसाधारण चर्चेपुरता ठेवावा.

मुलाखतीत कोणी नवाच प्रकार सांगितला तर?

या टप्प्याची तयारी सहसा कोणी केलेली नसते. विषय कळल्यावर एखादी मुलगी कॅमेऱ्यासमोर स्वतःवर झालेला प्रकार सांगू शकते. ‘हे आपल्यातच राहील’ असे वचन विद्यार्थ्यांनी तिला देऊ नये. पोक्सोच्या कलम १९ नुसार अल्पवयीन मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १८ वर्षांखालील विद्यार्थ्याला ही शिक्षा लागू नाही. मार्गदर्शक शिक्षकाला आणि १८ पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला मात्र आहे. त्यामुळे ही मर्यादा रेकॉर्डिंगचे बटण दाबण्यापूर्वीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. असे काही निघालेच, तर चित्रीकरण थांबवावे, फाइल कोणालाही पाठवू नये आणि शिक्षकांमार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा पोलिसांशी संपर्क साधावा.

खटला सुरू असेल तर?

अशा वेळी दोषी कोण, हे माहितीपटाने ठरवू नये. न्यायदानात अडथळा आणणारे प्रकाशन न्यायालयाचा अवमान ठरू शकते. शीना बोरा हत्या प्रकरणाशी संबंधित नेटफ्लिक्सची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रदर्शित होण्याआधी सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. न्यायालयाने आधी ती मालिका पाहिली आणि नंतर आव्हान फेटाळले. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, विद्यार्थ्यांकडे नसते. निकाल लागलेल्या प्रकरणात निकालपत्र हाच सर्वांत भक्कम आधार. ऐकीव गोष्टी, गावातील कुजबुज आणि समाजमाध्यमांवरील पोस्ट यांना पुरावा मानू नये.

मग कॅमेरा कोणावर लावायचा?

मार्च २०२५ मध्ये आलेली ‘अ‍ॅडोलसेन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका येथे आठवते. वर्गातील मुलीच्या हत्येचा आरोप असलेल्या १३ वर्षांच्या मुलाची ती काल्पनिक कथा आहे. खुनी कोण, यापेक्षा घर, शाळा आणि मोबाइल यांतून हे कसे घडले, हे ती शोधते. विद्यार्थ्यांना तेच करता येईल. पीडितेच्या घरी न जाता शिक्षिका, समुपदेशक, वकील, पोलीस अधिकारी यांच्याशी बोलता येईल. शाळेतील सखी सावित्री समिती आणि तक्रार पेटी प्रत्यक्षात चालते का, पेटी कोण उघडते, हे विचारता येईल. मुलांनाही प्रश्न विचारता येईल : नकार मिळाल्यावर मित्रांनी समजावले की चिथावले? बहुतेक चित्रपटांत पाठलागाचे फळ गाण्यात मिळते, त्याचा परिणाम काय होतो?

अल्पवयीन मुलांच्या मुलाखतीसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलांची स्वतःचीही. संमती मागे घेण्याची मुभा असावी. हल्ल्याचे नाट्यरूपांतर, साधनांचे तपशील, रक्ताची दृश्ये टाळावीत. पहिला खेळ गावात जाहीरपणे लावण्याआधी शिक्षक आणि कायद्याच्या जाणकाराला दाखवावा. त्यांनी एखादे दृश्य काढायला सांगितले, तर ते कितीही परिणामकारक असले तरी काढावे. माहितीपट तासाभरात संपतो, पण त्यातील मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कॉलेजला जायचे असते.

शेवटच्या पाटीवर श्रेयनामावलीआधी मदतीचे क्रमांक असावेत : मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६. पाहणाऱ्यांपैकी एखादीला त्या क्षणी त्याचीच गरज असू शकते.