हातमोजे आणि भुवया

हातमोजे घालून केलेल्या खुणा संगणक बोलून दाखवतो, ही २०१६ सालची बातमी वाचून मी हरखून गेलो होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या थॉमस प्रायर व नवीद अझोदी या विद्यार्थ्यांना ‘साइनअलाउड’ मोज्यांसाठी लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळाले होते. मोज्यांतले संवेदक हातांची स्थिती आणि हालचाल टिपून संगणकाकडे बिनतारी पाठवतात. साठवलेल्या नमुन्याशी ती जुळली की इंग्रजी शब्द ऐकू येतो.

कल्पना जुनीच. बेल लॅब्सच्या गॅरी ग्राइम्स यांना १९८३ मध्ये अशा मोज्याचे पेटंट मिळाले होते. तो बोटांनी दाखवलेली अक्षरे ओळखण्यासाठी होता. (त्या प्रयोगशाळेला ज्यांचे नाव, ते ग्रॅहम बेल कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेचे कट्टर विरोधक होते!)

पण अक्षरे म्हणजे भाषा नव्हे. विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की अमेरिकी खुणांना हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशी रीतसर घडण आहे. पुढे अभ्यासकांचे लक्ष चेहऱ्याकडे गेले. मराठीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘का’ जे काम करतो, ते तिथे उंचावलेल्या भुवया करतात. ‘कोण’, ‘कुठे’ असे विचारताना भुवया आक्रसतात. नकार नुसत्या मान हलवण्यातूनही येतो. एका माणसाला डावीकडची जागा नेमून दिली, दुसऱ्याला उजवीकडची, की ‘देणे’ ही खूण कुठून कुठे गेली यावरून कोणी कोणाला दिले ते कळते. आपल्या ‘ने’ आणि ‘ला’चे काम ती दिशा करते. मोज्याला बोटे कळतात, भुवया कुठून कळणार? त्याच विद्यापीठातील लान्स फोर्शे, क्रिस्टी विंटर आणि एमिली बेंडर यांनी जाहीर पत्र लिहून चेहऱ्यावरच्या या व्याकरणाकडे लक्ष वेधले. माझा हरखलेपणा तिथे ओसरला.

२०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी मोज्यांच्या जोडीला भुवयांमध्ये आणि तोंडाजवळही संवेदक चिकटवून पाहिले. खुणांचे ६६० नमुने, अचूकता ९८.६३ टक्क्यांपर्यंत. आकडा मोठा दिसतो, पण सुटे शब्द ओळखणे म्हणजे संभाषण समजणे नाही.

मला खरे खटकते ते वेगळेच. मोजे चढवायचे कर्णबधिर माणसाने, तारा सांभाळायच्या त्यानेच. ऐकणाऱ्याने एकही खूण शिकायची नाही. बरे, त्याने तोंडी उत्तर दिले तर ते समोरच्यापर्यंत पोचवायची सोय या मोज्यांत नाहीच.