एबीएसचा पिवळा दिवा

कामतघरात वऱ्हाळा तलावाजवळ माझं गॅरेज आहे. रस्त्यांवर पाणी साचायला लागलं, की एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागलेल्या गाड्या येऊ लागतात. एप्रिल २०१९पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे आता छोट्या गाड्याही त्यात असतात.

दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले, असं नाही. नेहमीचा ब्रेक लागतो. पण ओल्या रस्त्यावर करकचून दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. सोबत लाल दिवाही लागला असेल, तर गाडी चालवूच नका.

प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग कंट्रोल युनिटला कळवतो. स्कॅनर लावून मी गाडी हळू चालवतो. तीन चाकं २० दाखवतात आणि चौथं शून्य, म्हणजे दुखणं तिथलं. पण म्हणून सेन्सरच बदलायचा? माझा त्याला सक्त विरोध आहे. आधी कनेक्टर उघडा. पिनांवर बऱ्याचदा हिरवट गंज असतो. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो, तो पुसा. पुढच्या चाकाची वायर स्टिअरिंगबरोबर वाकत राहते. वरून धड दिसते, आतून तुटलेली असते. म्हणून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर तपासतो.

नुकतं बेअरिंग बदललंय का, हे गिऱ्हाइकाला आवर्जून विचारतो. हल्ली अनेक बेअरिंगच्या सीलमध्येच सेन्सरने वाचायची चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलटं बसलं, तर नवाकोरा सेन्सरही आंधळाच राहतो.