दत्तक शिशूचे गृहागमन आणि कौटुंबिक समायोजन : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दत्तक या विषयावरील चर्चा बहुधा कायदा, प्रतीक्षायादी आणि कागदपत्रे यांभोवती फिरते. मूल घरी आले की प्रश्न सुटला, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः कुटुंबाच्या दृष्टीने खरा आरंभ त्या दिवशी होतो. हे मूल दीड ते तीन वर्षांचे असेल तर ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. तान्ह्या बाळाला बदल जाणवतो. पण चालू-बोलू लागलेल्या शिशूला त्याशिवाय आठवणी असतात, सवयी असतात आणि माणसे गमावल्याचे दुःखही असते. ते दुःख सांगण्याइतकी भाषा मात्र त्याच्याजवळ नसते. प्रस्तुत लेखात अशा शिशूच्या घरातील पहिल्या काही महिन्यांचे विवेचन अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील कुटुंबजीवनाच्या संदर्भात केले आहे.

दत्तक संकल्पनेतील स्थित्यंतर

परंपरेने दत्तक ही वंशाची व वारशाची सोय होती. बडोद्याच्या गादीवर १८७५ मध्ये आलेले सयाजीराव गायकवाड आणि कोल्हापूरच्या गादीवर १८८४ मध्ये दत्तक आलेले शाहू महाराज ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. तेथे घराण्याला वारसाची गरज होती. याच काळात महाराष्ट्रात एक निराळा विचारही रुजला. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. पुढे डॉक्टर झालेल्या यशवंतने १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंसमवेत रुग्णसेवा केली. येथे गरज मुलाची होती आणि कुटुंबाने ती ओळखली होती. आजची दत्तक व्यवस्था तत्त्वतः या दुसऱ्या विचारावर उभी आहे.

कायद्याची वाटचालही याच दिशेने झाली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्यास मान्यता दिली. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक प्रक्रियेसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यातून १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’ अस्तित्वात आले. बाल न्याय कायदा, २०१५ अन्वये या संस्थेस वैधानिक दर्जा मिळाला. २०२४-२५ या वर्षात देशात एकूण ४,५१५ दत्तकविधाने झाली. त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती.

सध्याच्या पद्धतीत पालकांचा गृह अध्ययन अहवाल तयार होतो. मुलाची माहिती बाल अध्ययन अहवाल व वैद्यकीय तपासणी अहवाल यांच्या रूपाने पालकांपर्यंत पोहोचते. त्यांनी स्वीकृती दिल्यानंतर अंतिम आदेश येईपर्यंत मूल ‘दत्तकपूर्व संगोपन’ या स्वरूपात घरी येते. त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल द्यावा लागतो. कुटुंब स्थिरावण्यास दोन वर्षे लागू शकतात, हे कायद्याने जणू मान्यच केले आहे. समाजाने मात्र ते अद्याप पुरते मान्य केलेले नाही.

संस्थेतील जीवन

अंधेरी येथील सेंट कॅथरीन होम, कांजूरमार्ग येथील वात्सल्य ट्रस्ट, महालक्ष्मी येथील बाल आशा ट्रस्ट अशा संस्थांनी मुंबईत निराधार बालकांचा दीर्घकाळ सांभाळ केला आहे. चांगल्या संस्थेतही शिशूचे जीवन सामूहिक असते, हे समजून घ्यावे लागते. जेवण, स्नान व झोप यांच्या वेळा ठरलेल्या असतात. सांभाळणाऱ्या मावश्या पाळीनुसार बदलतात. मूल रडले तरी प्रत्येक वेळी कोणी उचलून घेईलच असे नसते. खेळणी, कपडे व अंथरूण समाईक असतात. सांभाळणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असल्याने पुरुषाच्या सहवासाची मुलाला सवय नसते. बाहेरचे जग, वाहने, बाजार, समुद्र त्याने क्वचितच पाहिलेले असतात.

या जीवनाचा परिणाम काय होतो, याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आला आहे. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, एका स्थिर व्यक्तीशी जवळीक ही बालकाच्या मानसिक आरोग्याची मूलभूत गरज असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकटे राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला. आईपासून दुरावलेल्या शिशूच्या वर्तनात प्रथम आक्रोश, नंतर हताशा आणि शेवटी अलिप्तता असे टप्पे त्यांनी नोंदविले. यातील तिसरा टप्पा फसवा असतो. मूल शांत होते, खाते-पिते, कोणाकडेही जाते. पाहणाऱ्यास ते ‘रुळले’ असे वाटते.

रुमानियातील अनाथालयांतून १९८९ नंतर बाहेर पडलेल्या मुलांवरील अभ्यास या संदर्भात महत्त्वाचे ठरले. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत नव्या घरी पोहोचलेली मुले मोठ्या प्रमाणात सावरली. त्याहून अधिक काळ वंचनेत काढलेल्या मुलांपैकी काहींच्या अडचणी पुढेही टिकून राहिल्या. २००० मध्ये सुरू झालेल्या बुखारेस्टमधील प्रकल्पात, सुमारे दोन वर्षांच्या वयाआधी कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये सुरक्षित जवळीक निर्माण होण्याची शक्यता अधिक दिसली. तेथील हलाखी आपल्याकडील चांगल्या संस्थांना जशीच्या तशी लागू करणे योग्य नाही. तथापि, वाढत्या वयागणिक कुटुंबाला अधिक वेळ व अधिक समज द्यावी लागते, हा त्यातील बोध सर्वत्र लागू पडतो.

पहिले आठवडे : वर्तनाचा अर्थ

नव्याने घरी आलेल्या शिशूच्या वर्तनाचा अर्थ लावताना पालकांची अनेकदा गफलत होते. काही वर्तने ‘चांगली’ वाटतात, पण ती काळजीची असतात. पडल्यावर न रडणारे, रात्री जाग आली तरी हाक न मारणारे, पाहुण्यांपैकी कोणाच्याही मांडीवर जाऊन बसणारे मूल शहाणे म्हणून वाखाणले जाते. वस्तुतः, रडण्याचा उपयोग होतो हे त्याला अजून उमगलेले नसते आणि आपले माणूस व परके माणूस यांतील भेदही त्याच्या मनात तयार झालेला नसतो.

याउलट काही वर्तने ‘वाईट’ वाटतात, पण ती आशादायक असतात. काही आठवड्यांनंतर मूल आईला क्षणभरही सोडत नाही, न्हाणीघराच्या दाराशी बसून रडते, बाबा कामावर निघाले की आकांत करते. आईवडिलांना वाटते, मूल बिघडत चालले आहे. प्रत्यक्षात ते कोणाला तरी आपले मानू लागलेले असते. गमावण्यासारखे काही असल्याशिवाय विरहाची भीती वाटत नाही.

अन्नाविषयीचे वर्तनही असेच समजून घ्यावे लागते. घाईघाईने खाणे, पोट भरल्यावरही मागणे, पोळीचा तुकडा मुठीत धरून झोपणे किंवा उशीखाली बिस्किट दडविणे ही हावरेपणाची लक्षणे नव्हेत. पुढचे जेवण नक्की मिळेल याची खात्री होईपर्यंत ती राहतात. रागावून ती जात नाहीत. ठरावीक वेळी, ठरावीक हातून मिळणाऱ्या घासाने जातात. काही मुले वडिलांना पाहताच घाबरतात. अशा वेळी वडिलांनी मूल जबरदस्तीने जवळ न घेता जमिनीवर त्याच्या शेजारी बसणे, भरविणे, रोज एकच खेळ खेळणे उपयुक्त ठरते. मेरी एन्सवर्थ यांच्या अभ्यासानुसार, बालकाच्या संकेतांना मिळणारा संवेदनशील व सातत्यपूर्ण प्रतिसाद हा सुरक्षित जवळिकीचा पाया असतो. या प्रतिसादाला कोणत्याही महागड्या साधनाची आवश्यकता नाही.

उपनगरातील घर

मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबाची काही वैशिष्ट्ये या प्रक्रियेवर प्रभाव टाकतात. घर लहान असते. ही बाब गैरसोयीची असली तरी शिशूच्या दृष्टीने तिचा लाभही आहे. आई स्वयंपाकघरात असताना ती दिसते, ऐकू येते. मोठ्या दालनात इतर मुलांच्या सोबतीने झोपलेल्या मुलास स्वतंत्र खोली म्हणजे शिक्षाच वाटते. त्यामुळे पालकांच्या शेजारी अंथरूण घालण्याची आपल्याकडील पद्धत येथे हितावह आहे.

आवाज ही दुसरी बाब होय. कुकरची शिट्टी, मिक्सर, लोकलचा भोंगा, लिफ्टचे दार, गणेशोत्सवातील ढोल हे सर्व या मुलाला नवे असते. फेरीवाल्यांनी गजबजलेल्या स्टेशन परिसरात पहिल्याच आठवड्यात त्याला घेऊन जाण्यापेक्षा इमारतीच्या आवारात, नंतर जवळच्या बागेत आणि काही महिन्यांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, असा क्रम अधिक सोयीचा ठरतो.

तिसरी बाब प्रवासाची. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे रोज जाणाऱ्या पालकाचे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात. दोघेही नोकरी करीत असल्यास शिशू आजी-आजोबांकडे किंवा पाळणाघरात जातो. अनेक मुलांचे समूहजीवन नुकतेच मागे सोडून आलेल्या मुलाला घाईने पाळणाघरात ठेवले, तर त्याला आपण पुन्हा संस्थेत आलो असे वाटण्याची शक्यता असते. म्हणून आरंभी पालकांपैकी एकाने तेथे सोबत थांबणे आणि हा काळ हळूहळू कमी करणे आवश्यक आहे.

भाषा, नाव आणि आप्तेष्ट

काराची व्यवस्था देशव्यापी असल्याने दुसऱ्या राज्यातील मूल मुंबईत येऊ शकते. हिंदी किंवा ओडिया ऐकत वाढलेला शिशू मुलुंडच्या मराठी घरात किंवा घाटकोपरच्या गुजराती घरात येतो, तेव्हा त्याचे मोजके शब्दही निरुपयोगी होतात. पाणी, भूक, शू, झोप यांसाठी तो संस्थेत वापरीत असलेले शब्द पालकांनी मावश्यांकडून विचारून घेतले, तर पहिल्या आठवड्यातील बरेच रडणे टळू शकते. शिशू नवी भाषा सामान्यतः लवकर आत्मसात करतो. परंतु मधल्या काळातील त्याचे मौन मतिमंदत्व समजले जाऊ नये.

नावाचा प्रश्नही नाजूक आहे. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःचे नाव ठाऊक असते. त्याच्याजवळ असलेली कदाचित तेवढीच स्वतःची वस्तू असते. नवे नाव ठेवायचे असल्यास काही काळ दोन्ही नावे जोडून हाक मारणे हा मध्यममार्ग आहे.

बारशाचा सोहळा आप्तेष्टांच्या आनंदाचा असतो. पण पन्नास माणसांच्या हातांतून फिरणारा शिशू त्या दिवशी पुन्हा अनाथ होतो. पहिले काही महिने भरविणे, न्हाऊ घालणे व झोपविणे ही कामे आईवडिलांनीच करावीत, इतरांनी त्यांना घरकामात साहाय्य करावे, ही सूचना आजीला प्रथम कठोर वाटते. मात्र नातवंडाने आधी आईवडिलांना ओळखावे यासाठी ती आहे, हे पटल्यावर आजीच तिची सर्वांत मोठी रक्षक होते. सोसायटीतील ‘खरी आई कोण?’ या प्रश्नास ‘मीच’ एवढे उत्तर पुरेसे आहे. मुलाचा पूर्वेतिहास ही त्याची ठेव असून ती शेजाऱ्यांमध्ये वाटण्याची गोष्ट नव्हे. दत्तक असल्याची गोष्ट मुलाला मात्र पहिल्यापासून, साध्या शब्दांत सांगितली जावी.

वेळेचा प्रश्न

वरील सर्व उपायांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. येथे धोरणातील उणीव दिसून येते. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक मातेस १२ आठवड्यांची रजा दिली. पण त्यासाठी मूल तीन महिन्यांहून लहान असण्याची अट घातली. मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मुक्त घोषित होण्यातच बराच काळ जात असल्याने ही अट पूर्ण होणे कठीण होते. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले. केंद्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी २००९ मध्ये १८० दिवसांची दत्तक रजा मान्य झाली, ती एक वर्षाखालील मुलासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनेही अध्यापकांच्या दत्तक रजेसाठी केंद्राच्या नियमांचाच आधार घेतला. अशा वयाधारित तरतुदींमागे स्तनपान करणाऱ्या तान्ह्या बाळाची प्रतिमा आहे. दोन वर्षांच्या शिशूला आईवडिलांच्या सहवासाची गरज त्याहून कमी नसते, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. म्हणून रजेचा आधार मुलाचे वय नव्हे, तर त्याच्या गृहागमनाचा दिवस असावा आणि ती वडिलांनाही पुरेशी मिळावी, ही मागणी रास्त ठरते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. दत्तकपूर्व संगोपनाच्या काळात काही मुले संस्थेत परत येतात. यात वयाने मोठ्या मुलांचा धोका अधिक असतो. अशा मुलाने आपली माणसे दुसऱ्यांदा गमावलेली असतात. पालकांची अपुरी तयारी, वर्तनाचा चुकीचा अर्थ आणि वेळेचा अभाव ही कारणे टाळता येण्याजोगी आहेत.

समारोप

दत्तक शिशूचे समायोजन हे एकट्या शिशूचे समायोजन नव्हे; घरानेही त्याच्याशी जुळवून घ्यावयाचे असते. महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने या विषयाला दुहेरी महत्त्व आहे. मानसशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान व समाजकार्य या अभ्यासक्रमांत तो शिकविला जातो. शिवाय आपल्याच विभागातील एखादा सहकारी या अनुभवातून जात असू शकतो. त्याच्या तासिकांची काही महिने फेररचना करणे, सायंकाळच्या बैठकांतून त्याला मोकळीक देणे एवढे विभाग निश्चितच करू शकतो. एके दिवशी ते मूल पडते, रडते आणि समोर अनेक माणसे असताना धावत आईकडेच जाते. त्या दिवशी ते खऱ्या अर्थाने घरी आलेले असते. तोपर्यंतचा काळ कुटुंबाला मिळवून देणे ही समाजाची जबाबदारी होय.