अर्थशास्त्राचा प्रकल्प : सरासरी काढण्याआधी हे वाचा



'आमच्या परिसरातील कुटुंबांचे उत्पन्न व खर्च' हा प्रकल्पाचा विषय बरेच जण निवडतात. प्रश्नावली भरून घेतात, सरासरी काढतात, एक रंगीत आलेख चिकटवतात आणि निष्कर्ष लिहून मोकळे होतात. पण ती सरासरी खरंच त्या कुटुंबांबद्दल काही सांगते का? बदलापुरातील बेलवली हा परिसर डोळ्यांसमोर ठेवून पाहूया. खालच्या उदाहरणांतील उत्पन्नाचे व भावांचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

१. माहिती कोणाकडून घेतली?

तुम्ही स्वतः घरोघरी जाऊन गोळा केलेली ती प्राथमिक सामग्री. आधीच छापलेल्या अहवालातून घेतलेली ती दुय्यम सामग्री. २०११ च्या जनगणनेनुसार कुळगाव-बदलापूर नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. हा आकडा वापरायला हरकत नाही, पण तो पूर्ण शहराचा आहे, एकट्या बेलवलीचा नाही आणि जुनाही आहे. हे प्रकल्पात लिहायलाच हवे.

आता नमुना निवड. सकाळी बदलापूर स्टेशनवर उभे राहून ३० जणांना विचारलेत, तर लोकलने कामाला जाणारेच जास्त भेटणार. घरी शिवणकाम करणाऱ्या काकू, जवळच दुकान चालवणारे, निवृत्त आजोबा हे सगळे सुटले! त्यापेक्षा घरांची यादी करा, चिठ्ठ्या टाका आणि निघतील ती घरे घ्या. यालाच यादृच्छिक नमुना म्हणतात.

२. मध्य घ्यायचा की मध्यक?

समजा, ९ कुटुंबांचे मासिक उत्पन्न (हजार रुपयांत) असे आहे :

१४, १६, १८, २०, २२, २४, २६, ३०, १००

बेरीज २७०, भागिले ९. म्हणजे मध्य ३० हजार. आता पुन्हा यादी बघा. सात कुटुंबे या सरासरीच्या खाली आहेत! एका मोठ्या आकड्याने सगळी सरासरी वर ओढली. चढत्या क्रमाने लावल्यावर मधले, म्हणजे पाचवे मूल्य २२ हजार. हा मध्यक. इथे तोच परिस्थितीच्या जास्त जवळ जातो.

फरक फक्त मार्कांचा नाही. 'सरासरी ३० हजार, म्हणजे दरमहा अमुक वर्गणी सगळ्यांना परवडेल' असे कुणी ठरवले, तर त्याचा भार कमी उत्पन्नाच्या घरांवर पडतो.

चतुर्थकही काढा. पहिला चतुर्थक (९+१)/४ म्हणजे २.५ वे मूल्य : १६ आणि १८ च्या मध्ये, १७ हजार. तिसरा ७.५ वे मूल्य : २८ हजार. म्हणजे मधली साधारण निम्मी कुटुंबे १७ ते २८ हजारांत आहेत. एका सरासरीपेक्षा हे वाक्य कितीतरी जास्त सांगते.

३. महागाई मोजताना भार विसरू नका

समजा, वर्षभरात तांदूळ १० टक्क्यांनी आणि मीठ ५० टक्क्यांनी महागले. साधी सरासरी ३० टक्के. पण घरात तांदळावर ९०० रुपये खर्च होत होते आणि मिठावर १०० रुपये. मग भारित सरासरी अशी :

(१० × ९०० + ५० × १००) ÷ १००० = १४ टक्के

म्हणजे आधारवर्षाचा निर्देशांक १०० धरला, तर चालू वर्षाचा ११४. कुठल्या वस्तूवर किती खर्च होतो हे पाहिल्याशिवाय 'महागाई ३० टक्के वाढली' असे लिहू नका.

४. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे

उत्पन्न जास्त तिथे बचतही जास्त दिसली, तर 'दोहोंत धन सहसंबंध आढळतो' एवढेच लिहा. बचत कुटुंबातील माणसे, घरभाडे, कर्जाचा हप्ता यांवरही ठरते.

निष्कर्ष कसा लिहाल?

'बेलवलीतील लोकांचे उत्पन्न ३० हजार आहे' असे नको. त्याऐवजी : 'निवडलेल्या ९ कुटुंबांचे मध्यक उत्पन्न २२ हजार रुपये आहे, नमुना लहान असल्याने हा निष्कर्ष पूर्ण परिसराला लागू होत नाही.' मर्यादा लिहिल्याने प्रकल्प कमकुवत होत नाही, उलट तोंडी परीक्षेत तुम्हाला ठामपणे उत्तर देता येते.

आता तुमची वही काढा आणि तुमच्या आकड्यांचा मध्य व मध्यक शेजारी शेजारी लिहा. दोहोंत बरीच तफावत आली, तर ती का आली हेच तुमच्या प्रकल्पाचे पहिले निरीक्षण!