रोजचं ताट (लेखांक ६) : भात किती, भाकर किती?

आठवड्याच्या स्वयंपाकाचा बेत करायचा म्हटलं की बहुतेक जण भाज्यांची यादी करायला बसतात. आदिलाबादकडे तरी सुरुवात धान्यापासून करावी. एप्रिल २०२५ पासून तेलंगणात रेशनवर बारीक तांदूळ मिळतो, माणशी महिन्याला ६ किलो आणि तोही फुकट. चौघांच्या घरात २४ किलो येतो, म्हणजे माणशी रोज २०० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात २००० कॅलरींच्या दिवसाला सगळं धान्य मिळून २५० ग्रॅम पुरतं. आलेला तांदूळ संपवायचाच म्हटलं, तर ज्वारीला उरले ५० ग्रॅम. तेवढ्यात धड एक भाकरही होत नाही.

घरात आलेला तांदूळ नको कोण म्हणेल? पण बेला-तामसीकडच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाचं पोट भाकरीशिवाय भरत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. म्हणून एका वेळेला भात, एका वेळेला भाकर. भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ लागतं. माणशी दोन धरल्या तर रोज आठ, आणि आठवड्याला सव्वाचार किलो पीठ. उरलेल्या तांदळाचे इडली-डोसे करा, संक्रांतीला सकिनालू करा. फक्त डोशाच्या दिवशी भाकरीला सुट्टी.

ज्वारी महिन्याची भरली तरी चालेल, दळण मात्र आठवड्याचंच आणा. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा मुळात नसतो. त्यात पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. असं पीठ उरलंच, तर उकळतं पाणी घालून मळा. त्यातला स्टार्च फुगतो आणि भाकर हातावर टिकते.

आता वरण. लहान घरात सगळ्यात जास्त वेळ आणि गॅस वाचतो तो इथे. संध्याकाळी अर्धा किलो तूरडाळ अर्धा तास भिजवून, हळद आणि चमचाभर तेल घालून एकदमच शिजवा. डाळ फुगते, फेसाळते, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. रात्री त्यातलंच साधं वरण, भात, तूप. बाकीची डाळ निवली की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, रात्री चिंचेचं पातळ चारू. अंबाडी डाळीबरोबर कुकरला लावायचा मोह मात्र आवरा. आंबटपणामुळे डाळीच्या दाण्यातलं पेक्टिन विरघळत नाही आणि डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी टणकच राहते. पाला वेगळा उकडा, आंबट पाणी काढून टाका, घोटा, मग त्यात शिजलेली डाळ घालून वरून लसूण-मिरचीची फोडणी द्या. चारूलाही चिंच डाळ मऊ झाल्यावरच. बोअरच्या जड पाण्यातही डाळ अशीच रुसते; त्यासाठी पिण्याचं पाणी वापरलेलं बरं.

(हिवाळ्यात तुरीच्या शेंगा भरल्या की हे सगळं वेळापत्रक मी खुशाल मोडते. सोल्यांची आमटी समोर असताना डाळ कोण शिजवणार?)

भाज्यांचा क्रम सोपा आहे. इंद्रवेल्लीचा सोमवारचा बाजार केलात, तर मंगळवार-बुधवारी पालेभाजी, मग वांगी, दोडकी, आणि रविवारी पिशवीत काही उरलं नसेल तेव्हा बेसन नाहीतर डब्यातल्या मुगवड्या.

राहिला शिळा भात. उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर ठेवून फोडणीला टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे जंतू जे विष तयार करतात, ते पुन्हा तापवूनही जात नाही. भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. घरात फ्रिज नसेल, तर मे महिन्यात भात मोजूनच शिजवा. चौघांना दोन वाट्या तांदूळ कमी वाटले तर वर एक भाकर जास्त टाका.