गळतीला कान लावताना

मराठवाड्यातल्या कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यात बोअर घ्यायचं ठरलं की मशीनच्या गाडीआधी पाणाड्या येतो. कुणाच्या हातात कडुलिंबाची दुबेळकी काडी असते, कुणाच्या तळहातावर नारळ. काडी फिरली किंवा नारळ उभा राहिला की तिथं खूण करायची आणि तिथंच बोअर मारायचं. पाणी लागलं तर नाव पाणाड्याचं. नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब.

याच गावांच्या रस्त्यांखाली मात्र आणखी एक पाणी रोज हरवतं. धरणातून उचललेलं, तुरटी आणि क्लोरीन टाकून शुद्ध केलेलं, विजेचं बिल सोसून उंच टाकीत चढवलेलं. टाकीतून ते पूर्ण निघतं, नळाला मात्र पूर्ण येत नाही. हे पाणी शोधणाऱ्याकडे नारळ नसतो. त्याच्याकडे एक लोखंडी सळई असते आणि तो तिचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवून दुसरं कानाला लावतो.

दाबाखालचं पाणी बारीक फटीतून बाहेर पडताना पाइपाला थरथरवतं, बाहेरच्या मातीवर आदळतं, आजूबाजूचे खडे हलवतं. ही थरथर पाइपाच्या अंगानं आणि आतल्या पाण्यातून दोन्ही बाजूंना पळते. सळई ती कानापर्यंत आणते, बस्स. गॅरेजमधला मिस्त्री इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून कुठलं बेअरिंग गेलंय ते ऐकतो, तसंच हे. मुंबई महापालिकेचे गळती शोधणारे कर्मचारीही वर्षानुवर्षं अशीच सळई वापरत आले. मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी ‘हायड्रॉलिक सिटी’ या २०१७च्या पुस्तकात मुंबईच्या गळतीला एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

सळईवरून एवढंच कळतं की गळती जवळपास आहे. नेमकं खोदायचं कुठं, हे सांगतो ग्राउंड माइक. जमिनीवर ठेवायचा जड, चपटा माइक, आवाज वाढवणारी पेटी आणि कानावर हेडफोन. पाइपाच्या रेषेवरून मीटरभर, मग अर्धा मीटर असं सरकत प्रत्येक ठिकाणी थांबून ऐकायचं. आवाज वाढत जातो आणि एका जागेपुढे पुन्हा उतरतो. त्या जागी खडूनं फुली मारतात.

माइकचा पूर्वज युद्धात घडला. पहिल्या महायुद्धात दोन्हीकडचे सैनिक एकमेकांच्या खंदकांखाली बोगदे खणून सुरुंग पेरत. शत्रूची कुदळ कुठं चालू आहे हे ऐकण्यासाठी जिओफोन वापरले जात. त्यावर फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेरँ यांनी काम केलं होतं. युद्ध संपलं आणि कुदळीऐवजी पाणी ऐकण्याचं काम त्या तंत्राला मिळालं.

तिसरं यंत्र कोरिलेटर. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये ते आकाराला आलं. यात माणसाच्या कानाला रजा आहे. दोन व्हॉल्व्हवर दोन सेन्सर बसवायचे आणि गळतीचा आवाज दोन्हीकडे किती वेळाच्या फरकानं पोचला ते मोजायचं. समजा, सेन्सरमध्ये १०० मीटर अंतर आहे आणि पाइप बिडाचा आहे. त्यात आवाज सेकंदाला साधारण १,२५० मीटर धावतो. एका सेन्सरला आवाज ०.०३२ सेकंद आधी मिळाला, म्हणजे दुसऱ्याकडे जाताना तो ४० मीटर जास्त चालला. गळती पहिल्यापासून ३० मीटरवर, दुसऱ्यापासून ७०वर. शाळेतलं गणित आहे, यात जादू काही नाही.

गोची पुढे आहे. तोच पाइप पीव्हीसीचा निघाला तर? प्लॅस्टिकमध्ये आवाज सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपासच जातो. मग तेवढ्याच वेळेच्या फरकाचा अर्थ १६ मीटर होतो आणि गळती ४२ मीटरवर सरकते. यंत्रात ‘बीड’ असं भरून प्लॅस्टिकच्या लाइनवर काम केलं, तर चर १२ मीटर चुकीच्या जागी खोदला जातो, तोही नव्या काँक्रीट रस्त्यात. शिवाय लोखंडात शेकडो मीटर ऐकू येणारा आवाज प्लॅस्टिकमध्ये काही दहा मीटरांतच विरतो.

आपल्या छोट्या शहरांत एकाच गल्लीखाली काय काय पुरलेलं असतं! आधी बिडाचा पाइप, त्याला जोडलेला सिमेंटचा, कुठल्याशा टंचाईत घाईनं टाकलेला पीव्हीसी, वर एखाद्या योजनेतून आलेला एचडीपीई. कुठं काय आहे याचा नकाशा बहुतेक वेळा कार्यालयात नसतो, जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. तो निवृत्त झाला की नकाशाही गेला. लोखंडी पाइपाचा माग विद्युतचुंबकीय लोकेटरनं काढता येतो. प्लॅस्टिकसाठी उलटा उपाय करतात: नळजोडणीवर किंवा व्हॉल्व्हवर ठोके देणारं उपकरण लावायचं आणि तो ठोका वर जमिनीतून ऐकत लाइन शोधायची. जमिनीत लहरी सोडणारा रडारही आहे, पण आपल्या काळ्या चिकण मातीपुढे तो हात टेकतो. ओल धरलेली ही माती त्याच्या लहरी गिळून टाकते.

गळती घडवण्यातही या मातीचा वाटा मोठा. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्याबरोबर पाइप हलतो आणि जोड सैल होतात. फुटलेलं पाणी सरळ वर येईलच असं नाही. चराच्या सैल भरावातून वाट काढत ते उताराला लागतं आणि भलत्याच दारात ओल दिसते. रस्ता जिथं ओला दिसतो तिथं खोदणं हा म्हणूनच सगळ्यात महाग अंदाज ठरतो.

हा शोध कशासाठी, ते लातूरला सांगावं लागत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात शिरली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. आता एक हिशेब करू. १० मीटर दाबाच्या लाइनला ५ मिलिमीटरचं भोक पडलं, म्हणजे जेमतेम तुरीच्या दाण्याएवढं, तर त्यातून तासाला सुमारे ६०० लिटर पाणी जातं. लाइन रात्रंदिवस भरलेली असेल तर दिवसाला १४,४०० लिटर. अशी ३५ भोकं झाली की पहिल्या गाडीएवढं पाणी रोज मातीत. लातूरचा दुष्काळ गळतीनं आणला नव्हता, तो न आलेल्या पावसानं आणला होता. पण आलेलं पाणी पुरवायचं कसं, या प्रश्नात ही भोकं मोजावीच लागतात. केंद्र सरकारच्या निकषानुसार शहरी योजनेत हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असायला हवं.

आणि इथंच मराठवाड्याची खरी अडचण सुरू होते. गळती ऐकायची तर लाइनमध्ये दाब हवा. रिकामा पाइप मुका असतो. आपल्याकडे कित्येक शहरांत नळ रोज येत नाहीत, चार-आठ दिवसांनी तास-दोन तास येतात. यंत्राला ऐकायला मिळतो तो तेवढाच वेळ. नेमकी त्याच वेळी सगळी गल्ली जागी असते. घागरी, ड्रम, बादल्यांचा खणखणाट, घरोघर लाइनला लावलेल्या मोटारी, येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाकी. मोटारींनी दाब ओढून घेतला की गळतीचा आवाजही बसतो. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह गळतीसारखाच सूं करतो, कुणाचा उघडा नळही तसाच, आणि वर डीपीची घरघर. परदेशातल्या माहितीपत्रकात ‘रात्री दोन ते चार ही ऐकण्याची उत्तम वेळ’ असं छापलेलं असतं. त्या वेळी आपली लाइन कोरडी पडलेली असते.

कोरडी लाइन निर्धोकही नसते. दाब गेला की ज्या फटीतून पाणी बाहेर जात होतं, तिच्यातूनच शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं. पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि काविळीची साथ आली की सगळे पाण्याच्या टाकीत डोकावतात. दोष बऱ्याचदा नालीतून नेलेल्या नळजोडणीत सापडतो.

दाब नाही म्हणून गळती सापडत नाही, ही कोंडी जुनी आहे आणि ती फुटलेलीही आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला १८७०च्या दशकात चोवीस तास पाणी नव्हतं. तिथले अभियंता जॉर्ज डीकन यांनी १८७३च्या सुमारास भागाभागाचा प्रवाह कागदावर रेघ ओढून नोंदवणारा मीटर बनवला. शहर झोपलेलं असतानाही ज्या भागाची रेघ खाली येत नाही, तिथं गळती. मग निरीक्षक रात्री त्या भागात जाऊन घरोघरच्या बाहेरच्या कॉकवर चावी टेकवून ऐकत, एकेक कॉक बंद करत आणि मीटरची रेघ कधी उतरली ते सकाळी ताडून पाहत. त्या शहराला अखंड पाणी यातूनच पुन्हा देता आलं. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या मलकापूरनं मीटरसह चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. तेही महानगर नाही, छोटं गावच आहे.

पाणाड्याला हसण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. २०१७मध्ये सॅली ले पेज या जीवशास्त्रज्ञ तरुणीनं ब्रिटनमधल्या पाणी कंपन्यांना सरळ विचारलं: तुमचे कर्मचारी गळती शोधायला वळणाऱ्या काड्या वापरतात का? बारापैकी दहा कंपन्यांकडून ‘काही जण वापरतात’ असं उत्तर आलं. काडीनं पाणी सापडतं याला शास्त्रीय आधार नाही. पण कोरिलेटर जिथं जन्मला, त्याच देशाची ही गत आहे.

नकाशा आणि दाब नसताना एखादी नगरपालिका लाखो रुपयांचं यंत्र घेते आणि ते वर्षभरात कपाटात जातं, यात यंत्राचा दोष कमी असतो. २०११च्या जनगणनेत सुमारे २५ हजार वस्ती असलेल्या कंधारएवढ्या गावाला आधी लागतो तो व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन, पाइपाच्या जातीसह काढलेला नकाशा. मग प्रत्येक टाकीच्या तोंडाशी एक मीटर. मग महिन्यातून एक रात्र, एकेका भागाला मुद्दाम दाब देऊन सगळ्यांना नळ बंद ठेवायला सांगितलेली. यंत्राचा नंबर चौथा. पहिल्या तीन गोष्टी झाल्या तर साध्या सळईनंही पुष्कळ गळत्या हाती लागतील.

वाचकालाही यात थोडं काम आहे. पुढच्या वेळी नळ आले की मोटार लावू नका. भांडी भरून झाल्यावर घरातले सगळे नळ बंद करा आणि रस्त्याकडून येणाऱ्या पाइपावर एक सळई टेकवून ऐका. मीटर असेल तर त्याचा काटा पाहा. काटा फिरत असेल तर गळती तुमच्याच बाजूला आहे. काटा थांबलेला आणि सळईत सूं चालूच असेल, तर शेजाऱ्यांचे नळ बंद असल्याची खात्री करा, वेळ आणि जागा लिहून घ्या आणि तो कागद व्हॉल्व्हमनच्या हातात द्या.