शब्दाआधी अर्थ ठरवावा: जैवउत्पादनातील संकल्पनाबंध

लसी, इन्सुलिन, विकरे असे पदार्थ जिवंत पेशींकडून मोठ्या प्रमाणावर तयार करून घेणे म्हणजे जैवउत्पादन. या उद्योगात यंत्रांइतकीच चर्चा आता शब्दांचीही चालते. प्रयोगशाळेतली नोंद कारखान्यात वाचली जाते, एका यंत्राची माहिती दुसऱ्याला पोचवावी लागते. वाटेत एखाद्या शब्दाचा अर्थ बदलला, तर टाकीतली सगळी तुकडी वाया जाऊ शकते. हे टाळण्यासाठी वापरतात त्या साधनाला 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. तत्त्वज्ञानात हा शब्द सत्ताशास्त्रासाठी आहे. संगणकविद्येतल्या अर्थासाठी मी येथे 'संकल्पनाबंध' हा शब्द योजतो. विषय कारखान्याचा असला तरी काम मुळात भाषेचे आहे, म्हणून तो येथे मांडत आहे.

आमच्या कारापूर-साखळी परिसरातल्या वाचकाला तो काजूच्या हंगामावरून चटकन कळेल. कोळंबीत बोंडू तुडवून निघालेला रस आंबवायला ठेवतात. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवल्यावर जो निथळतो तो नीरो. तो ताजा प्यायचा, आंबवायचा नाही. आंबलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून उर्राक मिळते, पुढच्यातून फेणी. भट्टीवरच्या माणसाला हे भेद शिकवावे लागत नाहीत. पण नोंदवहीत 'रस' आणि 'दारू' असे दोनच रकाने आखले, तर हे सारे ज्ञान कागदावर येतायेताच गळून पडेल. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कोणता पदार्थ कोणत्या कृतीने केला म्हणजे त्याला हे नाव लावावे, हे लेखी ठरवावे लागले. संकल्पनाबंधाची सुरुवातही अशाच प्रश्नांपासून होते.

आता 'किण्वन' हाच शब्द घ्या. जीवरसायनशास्त्रात त्याचा अर्थ ऑक्सिजनचा वापर न करता शर्करेसारख्या पदार्थांतून ऊर्जा मिळवणे. उद्योगात मात्र टाकीत सूक्ष्मजीव वाढवण्याच्या कोणत्याही कृतीला किण्वन म्हणतात. पेनिसिलीनच्या टाकीत तर मुद्दाम हवा सोडतात, तरी ते किण्वनच. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाच तक्त्यात ते शेजारी आले की घोळ सुरू होतो.

आकड्यांचेही तसेच. 'विरघळलेला ऑक्सिजन 40 टक्के' अशी नोंद समजा मिळाली. कशाच्या 40 टक्के? हवेने संपृक्त झालेल्या द्रवाला 100 धरले आहे, की शुद्ध ऑक्सिजनने संपृक्त झालेल्या द्रवाला? हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, म्हणून या दोन अर्थांत जवळजवळ पाचपटीचा फरक पडतो. 'तापमान 37 अंश' हे यंत्राला दिलेले लक्ष्य, की प्रत्यक्ष मोजलेले? टाकीतल्या द्रवाचे, की बाहेरच्या आवरणातल्या पाण्याचे? आकडा अचूक असूनही अर्थ अपुरा राहू शकतो.

प्रक्रियेची आखणी करताना हा अपुरेपणा महागात पडतो. 2 लिटरच्या भांड्यात मिश्रण मिनिटाला 200 फेऱ्यांनी ढवळले, म्हणून 2000 लिटरच्या टाकीतही तोच आकडा ठेवून चालत नाही. पात्याचा व्यास, टाकीचा आकार, हवेचा प्रवाह यांच्याशी जोडल्यावाचून त्या 200ला अर्थ नाही. संकल्पनाबंध ही जोडणी लिहून ठेवतो.

शब्दकोश अर्थ सांगतो. संकल्पनाबंध त्याबरोबर नाती सांगतो, आणि तीही यंत्राला वाचता येतील अशी: अमुक हा तमुकाचा प्रकार आहे, हा त्याचा भाग आहे, हा गुण या द्रव्याचा आहे, ही कृती त्या कृतीनंतर होते. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म असे पदार्थ वेगळे केले, ते आठवावे. टाकी हे द्रव्य, तापमान हा गुण, ढवळणे हे कर्म. हा भेद पाळला की 'ढवळण्याचे तापमान' अशी नोंद यंत्र स्वीकारत नाही. कोणत्या द्रव्याचे तापमान, असे विचारते.

ही कल्पना आता चांगली रुळली आहे. फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांची माहिती सांभाळणाऱ्या अभ्यासकांनी 1998 साली 'जीन ऑन्टॉलॉजी' सुरू केली. तुकडीतुकडीने चालणाऱ्या उत्पादनाची कृती कोणत्या टप्प्यांत मांडावी, याचे 'आयएसए-88' हे मानक 1995 साली आले. सर्व क्षेत्रांना पायाभूत ठरतील अशा वर्गांची 'बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी' 2021 साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. जैवउत्पादनासाठी नवे काही बांधताना अशा तयार पायावर बांधणे शहाणपणाचे.

प्रमाणीकरण म्हटले की बोलीभाषांच्या अभ्यासकाला धास्ती वाटते आणि ती निराधार नाही. सगळ्यांना एकच शब्द वापरायला लावणारे प्रमाणीकरण नीरोला 'रस' करून टाकील. पण संकल्पनाबंधात प्रमाण असते ती संकल्पना. तिला एक क्रमांक आणि एक व्याख्या असते. नावे मराठी, कोकणी, इंग्रजी अशी कितीही जोडता येतात. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो.

मात्र जो भेद कोणी नोंदवलाच नाही, तो यंत्राला कधीच दिसणार नाही. यंत्र नाती तपासते. भेद ओळखण्याचे काम माणसालाच करावे लागते, आणि त्यासाठी भट्टीवरचा कारागीर, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ आणि भाषेचा अभ्यासक एकत्र बसायला हवेत. शिक्षकांना याची सुरुवात वर्गातच करता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातला एखादा व्यवसाय निवडावा, त्यातले शब्द गोळा करावेत आणि प्रत्येक शब्दापुढे अर्थाबरोबर चार गोष्टी लिहाव्यात: हा कशाचा प्रकार, कशाचा भाग, कशापासून होतो, कशात मोजतात. एवढे लिहिता आले, तर परिभाषा म्हणजे अवघड शब्दांची यादी हा त्यांचा समज आपोआप दूर होईल.